गळाचा दोरा आणि गोठलेले तळे

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा २ अंश सेल्सियसच्याही खाली उतरला होता. द्राक्षबागांत पानांवरचे दव गोठले आणि शेतकऱ्यांनी बागांतून शेकोट्या पेटवल्या. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी म्हटली की नाशिक जिल्ह्यातल्या या निफाडचे नाव आधी निघते. पण त्या दिवसांतही गोदावरी काही गोठली नाही, की नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावर बर्फाची साय धरली नाही. मोठे तळे गोठायला हवा शून्याखाली जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहावी लागते.

फिनलंड, रशिया, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग अशा मुलखांत ती तशी राहते. गंमत अशी की, तळे गोठले तरी तिथली मासेमारी थांबत नाही. चांगला स्वच्छ बर्फ दहा सेंटिमीटर जाड झाला की माणसाचे वजन पेलतो. मग लोक मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात, शेजारी स्टूल टाकून बसतात, आणि हातभर काठीला लावलेल्या छोट्याशा रिळावरून गळ खाली सोडतात.

तुम्ही विचाराल, वर बर्फ असताना खाली मासा जिवंत कसा? पाणी ४ अंशाला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि वरच गोठते. तळाशी ४ अंशाच्या आसपासचे पाणी तसेच राहते. मासा त्यात जगतो खरा, पण त्याचे शरीर पाण्याइतकेच थंड असते. त्यामुळे तो सुस्त होतो. उन्हाळ्यात तो आमिषावर झडप घालील, पण हिवाळ्यात नुसते ओठ लावून पाहतो. एवढा बारीक धक्का वर बसलेल्या माणसाच्या बोटापर्यंत पोहोचवायचा असतो, आणि हे काम करतो तो दोरा. म्हणून तिथे दोरा निवडणे ही मोठी जोखमीची गोष्ट होऊन बसते. तसे पाहिले तर त्या दोऱ्याचे सगळे गुणदोष गोदावरीच्या काठी बांबूची काठी, तंगूस आणि कणकेच्या गोळ्या घेऊन बसणाऱ्या मुलालाही भेटतातच. थंडीत ते जरा ठळक दिसतात एवढेच.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा. त्याच्या आधी गळाला सूत, रेशीम, घोड्याच्या शेपटीचे केस लावत. रेशमाच्या किड्याच्या पोटातली रेशीमग्रंथी काढून, ती ताणूनही मजबूत धागा करीत. पुढे १९३५ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नायलॉन तयार केले. १९३८ मध्ये त्याचे केस लावलेले दात घासायचे ब्रश बाजारात आले. ब्रशाचा केस आणि गळाचा तंगूस हे सख्खे भाऊच म्हणायचे.

आता पहिला प्रश्न : दोरा जाड घ्यावा की बारीक? दोऱ्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणजे जाडीच्या वर्गावर. समजा, ०.२० मिलिमीटरचा तंगूस ३ किलो वजन पेलतो. मग त्याच जातीचा ०.४० मिलिमीटरचा तंगूस दुप्पट नव्हे, चौपट म्हणजे १२ किलो पेलील. तर मग जाडच घ्यावा, असे कोणीही म्हणेल. पण थांबा. दोरा वाकवायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. दुप्पट जाड दोरा सोळापट ताठ! असा ताठ दोरा हलक्या आमिषाच्या वजनाने सरळ होतच नाही. वळणे घेऊन लोंबत राहतो. माशाने ओढले की आधी ती वळणे सुटतात आणि वर काहीच कळत नाही.

ही वळणे येतात कोठून, हे समजायला भिंतीवरचे कॅलेंडर आठवा. गुंडाळी करून आणलेले कॅलेंडर खिळ्याला लावले की खालून पुन्हा वर वळते. तंगुसाचेही तसेच. रिळावर गुंडाळलेल्या दोऱ्याची बाहेरची बाजू ताणलेली आणि आतली दाबलेली राहते. हा ताण किती? दोऱ्याच्या जाडीला रिळाच्या व्यासाने भागा. ०.२० मिलिमीटरचा दोरा ६० मिलिमीटर व्यासाच्या रिळावर असेल तर तो शेकडा एक-तृतीयांश एवढाच. २० मिलिमीटरच्या रिळावर तोच पुरा शेकडा १ होतो. महिनोन्‌महिने तसे राहिल्यावर नायलॉनचे लांबलचक रेणू हळूहळू सरकून त्या वळणाशी जुळवून घेतात, आणि दोऱ्याला रिळाची जणू आठवण राहते. बर्फावरची रिळे लहान, शिवाय थंडीत नायलॉन अधिक ताठ होते; म्हणजे दुहेरी अडचण. यावर जाणती माणसे साधा तोडगा काढतात. खोल पाण्यातही दहा-पंधरा मीटर दोरा पुरतो. म्हणून आधी रिळावर जुने सूत गुंडाळून पोट भरून घेतात आणि वर नवा दोरा घेतात. भाजकच मोठा केला की झाले!

आठवण पुसायचाही उपाय आहे. नायलॉन पाणी पिते. पुरते भिजले की त्याच्या वजनाच्या शेकडा ८-९ भागांइतके पाणी त्यात शिरते. हे पाण्याचे रेणू नायलॉनच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल करतात आणि धागा मऊ पडतो. तंगुसाची वेटोळी कोमट पाण्यात ठेवा, मग दोन खिळ्यांमध्ये ताणून वाळवा, आणि आधीच्या तुकड्याशेजारी टांगून पाहा. मात्र भिजलेले नायलॉन कोरड्यापेक्षा थोडे कमकुवत असते हेही ध्यानात ठेवा.

वळणापेक्षा त्रासदायक असतो तो पीळ. यासाठी एक प्रयोग कराच. शिंप्याकडचे रिकामे रीळ घ्या. त्यावर कागदाची अरुंद, लांब पट्टी सपाट गुंडाळा. आता रीळ पेन्सिलीवर फिरते ठेवून पट्टी ओढा. ती सरळ येते. पुन्हा गुंडाळा, रीळ टेबलावर उभे घट्ट धरा आणि पट्टी त्याच्या डोक्यावरून वर ओढा. प्रत्येक वेढ्यामागे पट्टीला एक पीळ पडलेला दिसेल. गळाची बहुतेक आधुनिक रिळे या दुसऱ्या प्रकारची असतात. रीळ स्थिर, दोरा त्याच्या टोकावरून सुटतो. २० मिलिमीटर व्यासाच्या रिळाचा एक वेढा सुमारे ६३ मिलिमीटरचा. म्हणजे एका मीटरला सोळा वेढे, दहा मीटरला १६०. सुटताना पडलेला पीळ परत गुंडाळताना उलगडतो, म्हणून हिशेब शून्यावर यावा. पण तो येत नाही. वर ओढताना आमिष भिंगरीसारखे फिरते. मोठा मासा लागला की रिळाचा ब्रेक घसरतो, आपण मूठ फिरवतो, दोरा आत येत नाही, पीळ मात्र भरतो. मग शांत पाण्यात लोंबणारे इवलेसे आमिष आपोआप गरगर फिरू लागते, आणि संशयी मासा त्याच्याकडे पाठ फिरवतो.

म्हणून बर्फावरचे कित्येक जण आता जे रीळ वापरतात, ते पाहून येवल्याचा मुलगा हसेल. संक्रांतीला येवल्यात पतंगाचा दोरा आसारीवर असतो. आसारी स्वतः फिरते, दोरा सरळ सुटतो आणि सरळ गुंडाळला जातो. डोक्यावरून सुटण्याचा प्रश्नच नाही. बर्फावरची ही रिळे त्याच तत्त्वावर चालतात. त्यांचा दोषही आसारीचाच : दोरा थांबला तरी रीळ जडत्वाने फिरतच राहते आणि गुंता होतो. म्हणून हाताने थोपवावे लागते. उरलासुरला पीळ खाण्यासाठी दोऱ्यात मध्येच एक बारीक भोवरकडी बांधतात. गुराच्या साखळीला असते तीच, फक्त तांदळाच्या दाण्याएवढी.

दोऱ्याच्या इतर जातीही आहेत. पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंची वेणी घातलेला दोरा तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा फार बळकट असतो आणि जवळजवळ ताणत नाही, म्हणून बारीक धक्काही चटकन कळतो. पण वेणीच्या फटींत पाणी अडकते, आणि शून्याखालच्या हवेत वर आला की तो दोरा तारेसारखा कडक होतो. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सुतळी आणि तंगूस दोन्ही भिजवून रात्रभर ठेवा, सकाळी फरक कळेल. फ्लोरोकार्बनचा दोरा पाण्याच्या पावणेदोनपट जड, त्यामुळे चटकन बुडतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आहे, नायलॉनचा १.५३ आणि पाण्याचा १.३३. पाण्याच्या जितका जवळ, तितका दोरा माशाला कमी दिसतो.

दोरा कोणताही असो, तो तुटतो बहुधा गाठीत. साधी निरगाठ मारली तरी दोऱ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते, कारण तिथे दोरा अगदी लहान वळणात मुरगळून स्वतःलाच कापतो. घट्ट ओढताना घर्षणाने उष्णता होते, तीही नायलॉनला बाधते. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करतात. मी हे न करता एकदा घाईने कोरडी गाठ ओढली होती. गळ, शिसे आणि मासा तिन्ही गेले. माशाच्या तोंडात गळ राहिला, याचे वाईट अजून वाटते.

आणि तुटलेला दोरा जातो कुठे? सूत पाण्यात काही महिन्यांत कुजते. नायलॉन कुजत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते हळूहळू ठिसूळ होते, पण त्याला वर्षे लागतात. तोवर झुडपात, गवतात अडकलेली ती न दिसणारी दोरी पक्ष्यांच्या पायात आणि पंखांत गुंतते. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूरमधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात. नायलॉनचा मांजा याच गुणांमुळे घातक ठरला. सुती दोरा जिथे तुटतो तिथे तो तुटत नाही, कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमारास नाशिकमध्ये गळा चिरल्याच्या बातम्या येतातच.

तंगूस ओढून पाहायचा असेल तर बोटाभोवती गुंडाळून ओढू नका, काडीला बांधा. जुन्या दोऱ्याचा शेवटचा मीटरभर भाग दगडांवर घासलेला असतो. तो नखाखालून सरकवा. खरखर लागली तर तेवढा कापून टाका. कापलेला तुकडा काठावर सोडू नका. कात्रीने बोटाच्या पेराएवढे बारीक तुकडे करा, कागदात बांधा आणि घरी आणून कचऱ्यात टाका. एवढ्या तुकड्यात टिटवीचा पाय अडकत नाही.