अपघात-भरपाईचा दावा, विमा कंपनीची तपासणी आणि आपला केसपेपर

सिरोंचा–आलापल्ली मार्गावर अपघात झाला की जखमी रुग्ण बहुधा प्रथम जवळच्या वैद्याकडे येतो, तेथून ग्रामीण रुग्णालयात जातो, आणि हाड मोठे मोडले असल्यास नदी ओलांडून मंचेरियाल वा वरंगळ गाठतो. काही महिन्यांनी विमा कंपनीचे पत्र येते : ‘आमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.’ अशा वेळी रुग्ण सल्ल्यासाठी पुन्हा आपल्याकडेच येतो. म्हणून या तपासणीचे स्वरूप वैद्यांनी जाणून घेणे इष्ट आहे.

पत्र कोणत्या विम्यासंबंधी आहे, हे आधी पाहावे. रुग्णाची स्वतःची वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल तर तपासणीस तयार राहण्याची अट सहसा करारातच असते. नकार दिल्यास दावा अडतो. परंतु दुसऱ्याच्या वाहनाने इजा झाली असून मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली न्यायाधिकरणापुढे दावा असेल, तर जखमी आणि ती कंपनी यांच्यात करारच नसतो. तेथे कंपनीचे पत्र म्हणजे न्यायाधिकरणाचा आदेश नव्हे. कंपनीला शंका असल्यास तिने न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. न्यायाधिकरण रुग्णास वैद्यकीय मंडळाकडे पाठवू शकते.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी या तीन गोष्टी वेगळ्या केल्या. डावा हात गेलेल्या वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. उपचार न करता, कागदपत्रे न पडताळता दिलेल्या तयार दाखल्यांबाबत सावध राहण्यासही न्यायालयाने बजावले. आपल्या भागात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईस उकिडवे बसता येत नाही, ही नोंद नुसत्या ‘गुडघ्यात जखडलेपणा’ या शब्दांपेक्षा कितीतरी बोलकी ठरते. ती नोंद उपचार करणारा वैद्यच करू शकतो. दहा मिनिटे पाहणारा परीक्षक क्वचितच करील.

तपासणारा डॉक्टर आपला पहिला केसपेपर शोधतो. त्यावर तारीख, वेळ, डावी-उजवी बाजू, जखमेचे माप आणि अपघाताची रुग्णाने सांगितलेली हकिकत असावी. पूर्वीचा संधिवात असल्यास तोही प्रामाणिकपणे लिहावा, मात्र अपघातापूर्वी रुग्ण कोणते काम करीत होता हेही लिहावे. सुश्रुताने संधिमुक्ताचे सहा व काण्डभग्नाचे बारा प्रकार सांगितले आहेत. पण केवळ ‘काण्डभग्न’ एवढेच लिहिल्यास परीक्षकास बोध होणार नाही. सोबत हाडाचे प्रचलित नाव व क्ष-किरण अहवाल जोडावा. दिव्यांगत्वाची टक्केवारी स्वतः लिहिण्याचा मोह टाळावा. ते काम अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे आहे. कागदपत्रांसाठी उपचार थांबवू नयेत, हे वेगळे सांगायला नको : कलम १३४ नुसार अपघातग्रस्तावर औपचारिकतेची वाट न पाहता उपचार करणे नोंदणीकृत वैद्यकाचे कर्तव्य आहे.

औषधी दुकानदारांनीही लाक्षादि गुग्गुळाच्या डबीपासून पट्टीपर्यंत प्रत्येक वस्तूचे पक्के बिल रुग्णाच्या नावाने, तारखेसह द्यावे. कच्च्या चिठ्ठीवरचा खर्च सहसा मंजूर होत नाही, आणि दुर्दैवाने आपल्याकडे चिठ्ठ्याच अधिक.

कंपनीचा तपासनीस दवाखान्यात येऊन नोंदवही मागू लागल्यास रुग्णाची लेखी संमती किंवा न्यायाधिकरणाचा आदेश पाहिल्याशिवाय ती दाखवू नये. रुग्णाने मात्र प्रत मागितल्यास ती त्वरित द्यावी, आणि दिल्याची सही घ्यावी.