माईकच्या शांततेचे प्रकार

मायक्रोफोन चालेनासा झाला की बहुतेक जण आधी त्यावर टिचक्या मारतात, मग वायर हलवून बघतात आणि शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात. यातलं काहीच चूक नाही. पण त्याआधी एक गंमत करून बघण्यासारखी आहे. ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडा, चार-पाच सेकंद काहीही न बोलता रेकॉर्ड करा आणि उमटलेली रेघ जितकी मोठी करता येईल तितकी मोठी करून बघा.

रेघ संपूर्ण सपाट असेल, तिच्यात एक कणभरही खरखर नसेल, तर माईकला दोष देऊ नका. निसर्गात इतकी शांतता नसते. एवढी शुद्ध शून्यं फक्त सॉफ्टवेअरच लिहू शकतं. याचा अर्थ कुणीतरी मध्येच दार लावून घेतलंय: म्यूटचं बटण दाबलं गेलंय, नॉइज काढणारा एखादा प्रोग्राम मध्ये बसलाय, किंवा त्या ॲपला माईक वापरायची परवानगीच नाही. विंडोज 10 पासून, आणि मॅकवर 2018च्या मोहावे आवृत्तीपासून, ही परवानगी सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात द्यावी लागते. ती नसली तर ॲप बऱ्याचदा तक्रार करत नाही, मुकाट्याने शून्यं रेकॉर्ड करत बसतं.

आणि रेघेवर बारीकशी लव असेल तर? मग साउंड कार्ड जिवंत आहे, ते ऐकतंय. त्याच्यापर्यंत आवाज पोचत नाहीये एवढंच. बिघाड त्याच्या अलीकडे आहे, माईकमध्ये, वायरीत किंवा प्लगमध्ये. एका रेघेवरून अर्धा रस्ता संशयातून सुटतो.

ही लव मला फार आवडते. माईक काढून टाकला तरी ती पूर्ण जात नाही, कारण तिचा एक भाग सर्किटमधल्या उष्णतेतून येतो. कुठल्याही तारेतले, कुठल्याही रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला सतत अस्वस्थ असतात, आणि त्या धक्काबुक्कीतून अगदी क्षीण, दिशाहीन व्होल्टेज तयार होत राहतं. अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये जॉन बी. जॉन्सन यांनी ते मोजलं आणि त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्यामागचं गणित मांडलं. दोघांचे लेख 1928 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे सेटिंग्जमधला ‘माइक बूस्ट’ 30 डेसिबलवर नेल्यावर जो सर्रर्र आवाज येतो, त्यात पदार्थाची ऊबही थोडीफार ऐकू येत असते. बूस्ट सिग्नल सुमारे 32 पट करतो, पण तुमचं बोलणं कोणतं आणि ही सरसर कोणती, हे त्याला कळत नाही. म्हणून आवाज बारीक येत असेल तर बूस्ट वाढवण्याआधी माईक तोंडाजवळ आणावा. अंतर निम्मं केलं की दाब साधारण दुप्पट होतो, आणि सरसर आहे तेवढीच राहते.

दाब म्हणजे तरी किती? मीटरभर अंतरावरून साधं बोलणं ऐकताना कानावर पडणारी दाबाची लहर सुमारे 0.02 पास्कल असते. आपल्याभोवती वातावरणाचा दाब आहे साधारण एक लाख पास्कल. म्हणजे हवेच्या दाबात पन्नास लाखांत एक भाग एवढी चुळबूळ होते आणि तेवढ्यावर आपली भांडणं, रियाज, निरोप, सगळं चालतं.

ही चुळबूळ पकडणारा माईक बहुतेक हेडसेटमध्ये आणि कॉलर माईकमध्ये इलेक्ट्रेट जातीचा असतो. कॉलर माईकवरची स्पंजची टोपी काढून बघा. आत शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान धातूची डबी आणि तिच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढं भोक दिसेल. त्या भोकाआड एक पातळ पडदा ताणलेला असतो, त्याच्या मागे केसाच्या जाडीइतक्या फटीपलीकडे धातूची चकती. यातल्या प्लास्टिकमध्ये विद्युतभार कायमचा कोंडून ठेवलेला असतो. चुंबकात चुंबकत्व टिकून राहतं तसा हा भार वर्षानुवर्षं टिकतो. पडदा हलला की फट बदलते, फट बदलली की व्होल्टेज बदलतं. बेल लॅबमध्येच 1962 साली गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लास्टिकचा पापुद्रा वापरून हा माईक व्यवहारात आणला. त्याआधीच्या चांगल्या कंडेन्सर माईकला भार देण्यासाठी बाहेरून मोठं व्होल्टेज लागायचं. तो खटाटोपच संपला आणि माईक खिशात मावण्याएवढा स्वस्त आणि लहान झाला. आजच्या लॅपटॉपच्या कडेला किंवा फोनच्या तळाशी असलेला माईक मात्र बहुधा याहून बारीक, सिलिकॉनवर कोरलेला असतो.

भार फुकटात मिळाला, तरी डबीतल्या छोट्या ट्रान्झिस्टरला दोन-चार व्होल्ट लागतातच. डेस्कटॉपच्या मागचं गुलाबी भोक ते पुरवतं. शेजारचं निळं भोक, लाइन-इन, पुरवत नाही. त्यामुळे उत्तम माईक निळ्या भोकात खुपसला की तो मेल्यासारखा वागतो. हे रंग इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने पीसी 99 नावाच्या नियमावलीत ठरवून दिले: गुलाबी माईकला, पोपटी हिरवा स्पीकरला, फिकट निळा लाइनला. कार्यक्रमात गायकाच्या हातात असतो तो डायनॅमिक माईक वेगळ्या जातीचा. त्यात चुंबकासमोर तारेचं वेटोळं हलतं, त्याला वीज लागत नाही, पण तो देतो इतकं कमी व्होल्टेज की गुलाबी भोकातही तो पुटपुटल्यासारखाच ऐकू येतो. तो बिघडलेला नसतो. त्याला ॲम्प्लिफायर किंवा ऑडिओ इंटरफेस लागतो.

वेटोळं आणि चुंबक म्हणजे इअरफोनचीही रचना तीच की! घरात जुना डेस्कटॉप असेल तर साधा, माईक नसलेला इअरफोन गुलाबी भोकात घाला, एक बोंडी ओठांजवळ धरा आणि बोला. पडद्यावरची रेघ हलते. आवाज डबक्यातून आल्यासारखा, पण शब्द कळतात. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये याची पुढची पायरी दाखवली. अनेक साउंड चिपना कुठलं भोक आत घेणारं आणि कुठलं बाहेर देणारं हे सॉफ्टवेअरमधून बदलता येतं. म्हणजे हिरव्या भोकातले हेडफोन न काढताच कुणी ते भोक उलटं फिरवलं, तर हेडफोनच खोलीतलं बोलणं ऐकू लागतात.

आता प्लग. हेडसेटच्या 3.5 मिलिमीटरच्या दांडीवर किती काळ्या रेघा आहेत ते मोजा. दोन असतील तर धातूचे तीन भाग, तीन असतील तर चार. ही दांडी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड प्लगची धाकटी पाती आहे. तिकडे ऑपरेटर तो एका भोकातून उपसून दुसऱ्यात घालत माणसं जोडून द्यायच्या. चार भागांच्या प्लगमध्ये टोकाला डावा कान, मग उजवा, आणि पुढच्या दोन जागांवर जमिनीची तार आणि माईक. या शेवटच्या दोघांचा क्रम काय असावा यावर एकमत झालं नाही. जगात दोन रीती पडल्या, आणि एका रीतीचा हेडसेट दुसऱ्या रीतीच्या फोनला लावला की जे होतं ते ऐकण्यासारखं असतं: गाण्यातलं वाद्यवृंदाचं दूरचं कुजबुजणं उरतं, गायक गायब! प्रवाहाला जमिनीकडे जायची वाट नीट न मिळाल्याने तो डाव्या कानातून उजव्यात शिरतो, आणि आपल्याला ऐकू येतो फक्त दोन बाजूंमधला फरक. गायकाचा आवाज स्टुडिओत दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून फरकात तो उरतच नाही. अशा वेळी वायरीवरचं कॉल घ्यायचं बटण दाबून धरा. त्या बटणाने माईक आणि जमीन एकमेकांना जोडले जातात, आणि गायक परत येतो. प्लग अर्धवट बसला असेल तरीही हीच गंमत होते, म्हणून आधी तो नीट आत ढकलून पाहावा. नव्या लॅपटॉपला एकच भोक असतं. त्यात तीन भागांचा जुना पीसी माईक थेट चालत नाही. त्यासाठी दोन शेपट्यांचा स्प्लिटर येतो, तो फार महाग नसतो.

घुंऽऽ असा सततचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला? मग तुम्ही महावितरणचं (किंवा तुमच्याकडे जी कंपनी वीज देते तिचं) 50 हर्ट्झ ऐकत होता, किंवा चार्जरची त्यावरची गिचमिड. दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंग घेत असली आणि ऑडिओच्या वायरीने एकमेकांना जोडलेली असली, की त्या वेटोळ्यातून हा सूर फिरत राहतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, किंवा यूएसबी माईक वापरा. त्यात आवाजाचे आकडे माईकमध्येच होतात आणि वायरीतून आकडेच जातात. काही जण अर्थिंगची पिन काढून घुरघुर बंद करतात. ते कधीही करू नये. जीव जाऊ शकतो.

आकडे म्हणजे काय, हेही बघायला हवं. साउंड कार्ड सेकंदाला 48,000 वेळा किंवा 44,100 वेळा व्होल्टेज मोजतं आणि दर वेळी 65,536 पायऱ्यांपैकी एक निवडतं. नायक्विस्ट यांचं नाव इथे पुन्हा येतं: जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज हाती लागतो, आणि माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या पुढे जात नाही. पण 44,100 हा विचित्र आकडा कुठून आला? सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. अमेरिकन पद्धतीत 245 ओळी, प्रत्येक ओळीत 3 आकडे, सेकंदाला 60 वेळा. युरोपात आणि आपल्याकडे असलेल्या पद्धतीत 294 ओळी, 3 आकडे, 50 वेळा. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे 44,100च येतात. टीव्हीची ती टेप गेली, आकडा राहिला.

दोन आकड्यांची गल्लत झाली की मजेदार बिघाड होतो. 48,000ने रेकॉर्ड केलेलं 44,100ने वाजवलं तर सगळं आठ टक्क्यांनी संथ होतं आणि सूर दीड अर्धस्वर खाली येतो. काळी दोनमध्ये गायलेलं पद पांढरी दोन आणि काळी एकच्या मध्ये कुठेतरी जाऊन पडतं, जिथे पेटीवर पट्टीच नाही. गायकाला वाटतं आपलंच काही बिघडलं.

कडकड, तुटक तुटक आवाज आला तर समजावं की आकडे वेळेवर पोचत नाहीत. पालिकेचं पाणी दिवसातून दोनदा येतं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ कायम चालतो. साउंड कार्डलाही अशी एक छोटी टाकी असते, तिला बफर म्हणतात. तिच्यात एका वेळी दहा मिलिसेकंदांपुरता, म्हणजे 480 आकड्यांचा साठा असतो असं धरा. प्रोसेसर दुसऱ्या कामात एवढा वेळ गुंतला की टाकी रिकामी होते आणि तिथे ‘टक्’ असं ऐकू येतं. बफर मोठा करा, कडकड थांबते. पण मग बोललेलं उशिरा पोचतं.

ब्लूटूथ हेडसेटवर गाणं छान वाजतं आणि कॉल सुरू होताच पत्र्याच्या डब्यासारखं होतं, ही तक्रार सतत ऐकू येते. जुन्या ब्लूटूथमध्ये गाण्यासाठी वेगळी वाट आणि दुतर्फा बोलण्यासाठी वेगळी, अरुंद वाट असते. माईक चालू झाला की हेडसेट या अरुंद वाटेवर जातो, आणि सगळ्यात जुन्या पद्धतीत तिथे सेकंदाला फक्त 8,000 मोजण्या होतात. म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’चा जीव नेमका त्याच्या वर असतो, ‘श’चा त्याच्या खाली. म्हणून समोरचा विचारतो, ‘शहा म्हणालात की सहा?’ उपाय सोपा आहे: ऐकायला ब्लूटूथ, बोलायला लॅपटॉपचा माईक, अशी निवड सेटिंग्जमध्ये करा.

कॉलवर स्वतःचाच आवाज परत ऐकू आला तर आपण आपला माईक तपासू लागतो. दोष जवळपास नेहमी पलीकडे असतो: तिकडचा स्पीकर तिकडच्या माईकमध्ये शिरतोय. हा प्रतिध्वनी पुसणं उपग्रहामार्फत टेलिफोन सुरू झाले तेव्हा निकडीचं झालं, कारण 36,000 किलोमीटर वर जाऊन खाली यायचं, जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा, म्हणजे प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने यायचा आणि बोलणं अशक्य व्हायचं. भारतातून अमेरिकेत गेलेले मनमोहन सोंधी यांनी बेल लॅबमध्ये यावर काम केलं. 1967चा त्यांचा लेख या विषयातला पायाचा मानतात. कल्पना अशी की यंत्राने प्रतिध्वनीची वाट सतत शिकत राहावं, पलीकडून आलेला आवाज या वाटेने परतताना कसा होईल याचा अंदाज बांधावा आणि परतणाऱ्या सिग्नलमधून तेवढा वजा करावा. आज तुमचा लॅपटॉप प्रत्येक मीटिंगमध्ये तुमच्या खोलीच्या भिंतींचा असाच अभ्यास करत असतो.

याच कुटुंबातलं दुसरं गणित गोंगाट काढतं, आणि तिथे आपल्या संगीताची पंचाईत होते. जे सतत आणि एकसारखं वाजतं ते पंख्यासारखं, म्हणजे गोंगाट, असं ते धरून चालतं. तानपुरा सतत आणि एकसारखाच वाजतो. पुण्याहून न्यू जर्सीतल्या शिष्याला ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरूंचा तानपुरा पहिल्या काही सेकंदांनंतर विरत जातो, पेटीचा लांब धरलेला सूर अर्ध्यात गळतो, आणि दोघंही नेटला नावं ठेवतात. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू केली की आवाज न चाळता जातो. त्यात प्रतिध्वनी पुसणारं गणितही बंद करता येतं, पण तसं केलं तर दोन्हीकडे हेडफोन घालावे लागतात, आणि तेही वायरचे, कारण ब्लूटूथ आणखी दीडएकशे मिलिसेकंदांचा उशीर घालतं. नेटचा उशीर तर आहेच. त्यामुळे तबल्याचा ठेका शिष्याने आपल्या बाजूला लावावा. गुरूंनी पुण्यातून लावला, तर शिष्याची सम त्यांच्या कानावर दर आवर्तनाला उशिराच पडणार.