लग्नघरी हातात आल्याचा पेला

आखाजीच्या सुमारास खान्देशात लग्नसराई ऐन भरात असते. जळगाव-धुळ्याकडचा पारा चाळिशी ओलांडून वर गेलेला असतो आणि हळदीच्या रात्री मांडवामागे बाटल्या उघडतात. अशाच दिवसांत माझा एक जुना रुग्ण दवाखान्यात आला. दारू सोडून त्याला सहा महिने झाले होते. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, धुळ्याला पुतण्याचं लग्न आहे. सगळे आग्रह करतील. हात रिकामा दिसला की पेला आलाच म्हणून समजा. मी हातात काय धरू?"

प्रश्न साधा, पण महत्त्वाचा होता. आले व फळांचा रस घालून व्हिस्कीचे गोड-तिखट पेय करतात. त्याचीच बिनदारूची कृती मी त्याला लिहून दिली. व्हिस्कीचा घोट घशाला चटका देतो. आल्याचा तिखटपणाही घशातल्या त्याच मज्जातंतूंना चेतवतो. लाकडी पिंपातून येणारा तुरटपणा कोऱ्या चहात मिळतो, तर गंधाला लवंग-दालचिनी पुरते.

चार पेल्यांसाठी दोन कप पाण्यात दोन इंच ठेचलेले आले, दोन लवंगा व दालचिनीचा लहान तुकडा घालून दहा मिनिटे उकळावे. खाली उतरवून दोन चमचे चहा घालावा व चार मिनिटे झाकून गाळावे. जास्त वेळ ठेवल्यास कडू होते. गरम असतानाच चार चमचे गूळ विरघळवावा. थंड झाल्यावर एका लिंबाचा रस, एक कप मोसंबीचा रस व चिमूटभर मीठ घालावे. मोसंबीचा रस ठेवल्यास कडवट होतो, म्हणून ऐनवेळी काढावा. देताना वरून थंड सोडा ओतावा.

चार दिवसांनी रुग्ण परत आला. "साहेब, घरी करून पाहिलं. पण पेल्यातला तो रंग बघितला आणि जुनी तलफ उठली. न पिताच ओतून दिलं."

चूक माझी होती. कधीमधी घेणाऱ्याला ही नक्कल उपयोगी पडते. व्यसनातून सुटलेल्या माणसाला मात्र तोच रंग, तोच वास, तोच काचेचा पेला पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकतो. मग आम्ही चहा, लवंग व दालचिनी काढून टाकली. आले, मोसंबी, लिंबू आणि मीठ एवढेच ठेवले, तेही स्टीलच्या पेल्यात. पेला भरून देण्याचे काम पत्नीने घ्यायचे ठरले, म्हणजे कोणी गुपचूप त्यात काही मिसळण्याची भीती नाही. लग्न पार पडले. तो कोरडाच परतला.

वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ टाळावा व फळाचा रसही बेताने घ्यावा. आम्लपित्त किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी आले कमी करावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आले जास्त घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात दारूने लघवी जास्त होऊन शरीरातले पाणी घटते, तेव्हा "थंड बिअरने उष्णता उतरते" हा समज सोडावा. दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोज भरपूर पिणाऱ्याने हे सरबत हाती घेऊन एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापणे, दरदरून घाम, झटके, भ्रम असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत यावर उपचार होतात.

आणि यजमानांना एक विनंती. "एकानं काय होतं?" हा आग्रह यंदा करू नका. कोणाचे तरी सहा महिने त्या एका घोटावर टांगलेले असतात.