चांदीची कातडी, तांब्याचं पोट

रोमन सम्राट कॅराकॅलाने इ.स. २१५मध्ये नवं नाणं काढलं. अभ्यासक त्याला अँटोनिनिॲनस म्हणतात. किंमत बहुधा डिनॅरियस या जुन्या चांदीच्या नाण्याच्या दुप्पट, चांदी मात्र जेमतेम दीड डिनॅरियसइतकी. म्हणजे जन्मतःच लबाडी! सैनिकांचे पगार वाढवून बसलेल्या सम्राटाला ती सोयीचीच होती.

पुढे युद्धं वाढली, सम्राट पटापट बदलले आणि प्रत्येकाने थोडी थोडी चांदी कमी केली. सुरुवातीला नाण्यात निम्मी चांदी होती. दुसऱ्या क्लॉडियसच्या काळात (२६८-२७०) ती दोन-तीन टक्क्यांवर आली.

तरीही नाणं पांढरं दिसे. ते कसब टांकसाळीचं. चांदी-तांब्याच्या मिश्रणाची चकती तापवली की पृष्ठभागावरचं तांबं ऑक्सिजनशी संयोग पावून काळं पडतं. चांदी तशीच राहते. मग चकती सौम्य आम्लात बुडवायची. काळा थर विरघळतो आणि चांदीची सच्छिद्र, मळकट पांढरी जाळी उरते. ठशाचा घाव बसला की ती दबून लखलखते. चांदी फारच घटल्यावर ही युक्तीही चालेना, तेव्हा वरून पातळ मुलामा चढवू लागले. तो झिजला की सम्राटाच्या नाकागालांवर तांबं डोकावे.

या चकाकीने विसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांनाही चकवलं. क्ष-किरणांची तपासणी पृष्ठभागापुरतीच पोचते, त्यामुळे जुन्या डिनॅरियसचाही कस फुगून दिसे. केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी नाणी अक्षरशः सुलाखली: कडेला बारीक छिद्र पाडून आतला कीस तपासला. आधी नव्वदच्या वर मानला गेलेला सम्राट नीरोच्या काळातल्या काही नाण्यांचा कस ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरला.

बाजार इतका भोळा नव्हता. चांगली नाणी लोकांनी दाबून ठेवली किंवा वितळवली. हिणकस तेवढी फिरत राहिली. सम्राट ऑरेलियनच्या कारकिर्दीत तर रोमच्या टांकसाळीतल्या कामगारांनीच बंड केलं. २७४मध्ये त्याने सुधारित नाणी काढली, त्यांवर एकवीसचा रोमन आकडा. वीस भाग तांबं, एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ बहुधा असावा. म्हणजे सुधारणेनंतरही चांदी पाचच टक्के!

इंग्लंडमधल्या फ्रोम गावाजवळ २०१० साली एका रांजणात तिसऱ्या शतकातली ५२,५०३ नाणी सापडली. त्यांत चांदीचे डिनॅरियस निघाले फक्त ५.