फोटोत फक्त हाड दिसतं

अमरावतीच्या इर्विन दवाखान्यासमोर किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात थोडा वेळ थांबलं, की एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी एक्स-रेची काळी फिल्म उन्हाकडे धरलेली असते आणि भोवती चार-पाच माना वर असतात. आपल्याकडे एक्स-रे म्हणजे 'फोटो'. फोटो निघाला की मामा, साळा, शेजारी आणि चहावाला, सगळे त्यावर बोट ठेवून मत देतात. हाड कुठं मोडलं ते बऱ्याचदा बरोबरही दाखवतात.

पण फोटोत हाडच तेवढं ठळक दिसतं. त्याच्याभोवतीचं मांस, मांसातल्या रक्तवाहिन्या, नसा, वरची कातडी यांची हालत फोटो सांगत नाही. गेल्या दीडशे वर्षांत हाडमोडीवर जे संशोधन झालं, ते फिरून फिरून याच न दिसणाऱ्या भागाकडे येतं. हाड स्वतःच स्वतःला जोडतं. डॉक्टर, प्लास्टर, रॉड, गावातला हाड बसवणारा, यांपैकी कुणीच ते जोडत नाही. त्याला हवं असतं रक्त आणि थोडी स्थिरता. हात किंवा पाय कायमचा गेला, तर तो बहुतेक वेळा भोवतालच्या मांसाचे हाल झाल्यामुळे जातो. आपले बरेचसे गैरसमज फोटोकडे बघून झालेले आहेत.

"बोटं हालून राह्यली ना, मंग मोडलं कसं?"

हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. बोटं हलवणारे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मनगटाचं हाड मोडलं तरी दोऱ्या शाबूत असतात, म्हणून बोटं हलतात. खुब्याचं हाड मोडून त्याचे तुकडे एकमेकांत रुतले, तरी म्हाताऱ्या बाया लंगडत का होईना, चालत दवाखान्यात येतात. "मोडलं नाही, नुसती चीर गेली" हे तर डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यासारखं लोक सांगतात. चीर म्हणजेच मोड, फक्त तुकडे जागचे हललेले नसतात. आणि फोटोही कधी फसवतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. त्याची मोड पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही. म्हणून दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. त्यात लुबाडणूक नसते.

आता हाड बसवणाऱ्यांविषयी. वऱ्हाडात तालमींची परंपरा मोठी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळच १९१४ सालचं. निखळलेला खांदा एका झटक्यात जागी बसवणारे वस्ताद आखाड्यांत असत, आणि त्या कौशल्याची टिंगल करणं मला पटत नाही. पण त्यांच्या यशामागचं गणितही पाहावं. गळ्याजवळच्या हासळीची किंवा बरगडीची साधी मोड झोळी बांधली, काळजी घेतली, की बहुधा जुळते. लेप लावणाऱ्याला श्रेय मिळतं. त्यात खोटं कुणीच बोलत नाही, हाडच आपलं काम करून जातं.

घात होतो तो आवळून बांधण्यात. पेरूच्या झाडावरून पडलेलं सात-आठ वर्षांचं पोर, कोपराच्या वरची मोड, आणि वरून बांबूच्या कामट्या घट्ट बांधलेल्या. रात्रभर पोर रडतं. घरचे म्हणतात, हात मोडला तर रडणारच. या अवस्थेचं वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ सालीच करून ठेवलं आहे. हाताचे स्नायू चिवट पडद्यांच्या पिशव्यांत असतात. आत सूज वाढते, पिशवी ताणत नाही, वरून कामट्या. दाब इतका वाढतो की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. मागे उरतो तो पंजासारखा आखडलेला हात, आणि तो कोणत्याही ऑपरेशननं पुरता सरळ होत नाही.

इथं सगळ्यात घातक समजूत म्हणजे "नाडी लागते, बोटं गुलाबी आहेत, मग काळजी नाही." मोठ्या रक्तवाहिनीतला दाब जास्त असतो. त्यामुळे आतले स्नायू गुदमरत असतानाही मनगटावर नाडी लागू शकते. खरी खूण वेगळी आहे: गोळीनं न थांबणारी, मोडीच्या मानानं फार जास्त वेदना, आणि बोट हळूच सरळ करायला गेलं की निघणारी किंकाळी. असं झालं की बांधलेलं सगळं तिथल्या तिथं सोडायचं आणि तशाच पावली दवाखाना गाठायचा, मग ते बांधणारा गावातला असो की एमएस झालेला. दवाखान्याचं प्लास्टरही हेच करू शकतं.

म्हणून तर 'कच्चं प्लास्टर' असतं. "पैसे घेतले अन् कच्चंच बांधलं" ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. कच्चं म्हणजे हलक्या प्रतीचं नव्हे. पहिल्या दिवसांत सूज वाढणार असते, तिला जागा मिळावी म्हणून एका बाजूनं उघडं ठेवलेलं ते प्लास्टर. सूज उतरली की पक्कं.

आणि मालिश. मार लागलेल्या कोपराला गरम तेलानं रगडलं, की चेचलेल्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं. सांधा कुलूप घातल्यासारखा अडकतो. लचक समजून रगडलेले असे कोपर आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना नवे नाहीत.

"जखमेवर हळद दाबली हाय"

मळणीयंत्रात हात जाणं, बैलगाडीचं चाक पायावरून जाणं, दुचाकी घसरणं. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तासांत डांबरून जागतिक विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, की वेग वाढतो. वेगातल्या अपघातात हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि काळी माती आत जाते. मग हळद, चुना, चहापत्ती, कुठं कुठं टूथपेस्टसुद्धा. यातलं काहीही अशी जखम निर्जंतुक करत नाही, उलट धुताना ते खरवडून काढावं लागतं. स्वच्छ कापडानं झाकायचं, रक्त वाहत असेल तर त्यावरून दाबून धरायचं, हात किंवा पाय आहे त्या स्थितीत फळीला किंवा उशीला सैल बांधायचा आणि १०८ ला फोन करायचा. बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही.

यात डॉक्टरांचेही गैरसमज निघाले, हे मला विशेष वाटतं. उघडी मोड सहा तासांच्या आत ऑपरेशन थिएटरात धुतलीच पाहिजे, हा नियम पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. त्याचं मूळ सापडतं १८९८ सालच्या एका प्रयोगात. फ्रीडरिश नावाच्या जर्मन डॉक्टरांनी गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यातली धूळ घातली होती. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. पुढच्या अभ्यासांत सहा तासांच्या रेषेला म्हणावा तसा आधार मिळाला नाही. पहिली अँटिबायोटिक किती लवकर टोचली आणि मेलेलं मांस किती नीट काढलं, हेच मोलाचं ठरलं. याचा अर्थ दिरंगाई चालते असा नाही. अर्थ असा, की तालुक्याच्या दवाखान्यात मिळालेलं पहिलं इंजेक्शन पुढच्या मोठ्या ऑपरेशनाइतकंच महत्त्वाचं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं.

जखम कशानं धुवायची, यावरही मोठी चाचणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच देशांतले २,४४७ रुग्ण होते. भारत त्यांत होता, आणि लेखकांत पुण्याचे डॉ. पराग संचेती होते. साबणाचं पाणी जास्त स्वच्छ करेल, जोराचा फवारा जास्त घाण काढेल, असं वाटणं साहजिक. निकाल निघाला उलटा. साबणवाल्या गटात १४.८ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागलं, साध्या सलाइनच्या गटात ११.६ टक्क्यांना. फवाऱ्याच्या जोरानं काहीच फरक पडला नाही.

उशीर का होतो, हेही मोजलं गेलं आहे. आपल्याकडे त्याचं खापर ठरलेलं: मेळघाटातला आदिवासी आधी भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे जातो, खेड्यातला माणूस हाड बसवणाऱ्याकडे. २०२० साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या ३१ हजारांहून अधिक हाडमोडीच्या रुग्णांचा अभ्यास आला. उशिरा पोचलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा उशीर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवण्यात झाला होता. धारणीचा माणूस घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती, तिथून "नागपूरला न्या" असं ऐकतो, तेव्हा त्या वेळेचा हिशेब भुमकाच्या नावावर लिहिणं सोयीचं असेल, बरोबर नाही.

"रॉड टाकला, आता काय फिकीर"

मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालायची पद्धत जर्मनीच्या किल शहरात गेरहार्ड क्युंटशर यांनी १९३९-४० च्या सुमारास रूढ केली. तिनं माणसं महिनोन् महिन्यांच्या खाटेवरून उठली. पण रॉड हा टेकू आहे. कौल बदलेपर्यंत घराला लाकडाचा टेकू देतात, तसा. हाड वेळेत जुळलं तर टेकूवरचा भार कमी होतो. नाही जुळलं, तर तीच सळई रोजच्या भारानं, तार वाकवून वाकवून तुटावी तशी तुटते. "डॉक्टरनं हलका रॉड टाकला" असं मग म्हणतात. बहुधा रॉड हलका नसतो, हाड जुळलेलं नसतं.

आणि हाड का जुळत नाही? इथं पुन्हा मांसच आडवं येतं. मांडीचं हाड जाड स्नायूंत गुंडाळलेलं, त्याला रक्ताची ददात नाही. नडगी पुढच्या बाजूनं कातडीला लागून असते, तिथं स्नायूच नाही. म्हणून नडगीच्या उघड्या मोडी रेंगाळतात, पिकतात. "प्लास्टर सहा आठवड्यांचं" हा हिशेब मनगटाला ठीक, नडगीला चार-पाच महिनेही लागतात.

त्यातून खर्रा. पलंगावर पडून वेळ जात नाही म्हणून सुपारी-तंबाखू घोटलेली पन्नी दिवसातून चारदा उघडणारे रुग्ण इथं कमी नाहीत. "बिडी सोडली, आता फक्त खर्रा" असं ते अभिमानानं सांगतात. धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. रक्तवाहिन्या आखडवणारं निकोटिन खर्ऱ्यातही असतंच.

खाण्याच्या पथ्यांत तर कमाल आहे. "आंबट नको, पू धरतो." वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या मुलखात, ऐन हंगामात, मोडलेल्या माणसाला संत्रं बंद! नवं हाड तयार होताना आधी कोलॅजेनचं जाळं विणलं जातं, आणि त्याला क जीवनसत्त्व लागतंच. १७४० च्या दशकात कमोडोर ॲन्सनच्या जहाजावर स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाची साथ आली. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत मोडून जुळलेलं एका खलाशाचं हाड तेव्हा पुन्हा सुटल्याची नोंद आहे. संत्रं खाल्लं म्हणून हाड दुप्पट वेगानं जुळणार नाही, पण बंद करायला कारण नाही. पायाचं सूप प्यावं, चवीला उत्तम. मात्र डाळ, अंडी, दूध यांतल्या प्रथिनांची जागा त्यानं घेऊ नये. हाडसांधीच्या वेलीवर वाराणसीत १९६० च्या दशकात उडुपा आणि प्रसाद यांनी प्राण्यांवर प्रयोग केले होते आणि निष्कर्ष आशादायक होते. ते कुतूहलाचं आहेच. पण लेप लावून मोड जागेवर येत नाही.

न जुळलेल्या हाडाला "आता पाय कापावाच लागन" हाही निकाल घाईचा. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी १९५१ पासून तारा आणि रिंगांचा सांगाडा वापरला. हाड कापून दिवसाला एक मिलिमीटर या गतीनं ओढलं, तर मधल्या फटीत नवं हाड उगवतं, हे त्यांनी दाखवलं. लोक त्याला 'रिंगा' म्हणतात. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी हाताच्या आणि वाकड्या पावलांच्या उपचारासाठी बारीक, स्वस्त सांगाडा तयार केला. तो त्यांच्याच नावानं 'जेस' म्हणून ओळखला जातो. रिंगांत महिनोन् महिने जातात, तारांच्या तोंडाशी रोज साफसफाई करावी लागते. सोपं नाही, पण पाय राहतो.

"या वयात आपरेशन झेपन का?"

न्हाणीघरात पडलेली आजी, मोडलेला खुबा, आणि घरात बैठक. बीपी आहे, साखर आहे, राहू द्या, पडल्या पडल्या जुळन. खुब्याच्या बाबतीत धोक्याचं माप उलटं धरलं जातं. ऑपरेशनात धोका आहेच. पण पलंगावर पडून राहण्यात तो जास्त आहे: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. आजी खुब्याच्या हाडामुळे दगावत नाही, पडून राहिल्यानं दगावते.

मग किती घाई करायची? २०२० साली १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवरची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. निदानापासून साधारण ६ तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना २४ तासांवाल्यांशी केली. ९० दिवसांतले मृत्यू ९ आणि १० टक्के, म्हणजे सारखेच. लवकर ऑपरेशन झालेले मात्र लवकर उठून बसले. म्हणजे बीपी-साखर आटोक्यात आणायला एक दिवस गेला तर घाबरायचं कारण नाही. नातेवाईक पुण्याहून येईस्तोवर आठवडा घालवणं मात्र वेगळं. आणि ऑपरेशननंतर "आराम कर वं माय" हा प्रेमाचा सल्ला सगळ्यात महाग पडतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं करतात, ते छळ म्हणून नाही.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक घरातून येतो: रॉड काढायचा कधी? मुलांत, किंवा टोचत असेल, पिकला असेल तर काढतात. एरवी, विशेषतः म्हातारपणी, त्याला हात लावायचं काही कारण नसतं. तो गंजत नाही, थंडीत हाड खात नाही. आजी पुढं दहा वर्षं पोळ्याच्या पुरणपोळ्या लाटते, लग्नं गाजवते, आणि रॉडची आठवण घरच्यांना होते ती तिसऱ्या दिवशी, राख सावडताना.