विसरभोळेपणा आणि कोबाल्टचा एक अणू

मंडळी, उन्हाळा आला की अल्फारेटात घरोघरी भारतातून आई-बाबा येतात. पहिला आठवडा चिवडा-लाडवांत जातो. मग लक्षात येतं, बाबा तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताहेत, आई गॅस बंद करायला विसरली. "वय झालं" म्हणून आपण विषय मिटवतो. आम्हाला वाटतं, तो इतक्या लवकर मिटवू नये.

आम्ही पडलो रसायनवाले, म्हणून आधी बी-१२. धातू असलेलं हे एकमेव जीवनसत्त्व. मधोमध कोबाल्टचा एक अणू. ते बनवतात फक्त जीवाणू, आणि आपल्याला मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. शाकाहारी घरात सगळी मदार दूध-दह्यावर, आणि वयाबरोबर अन्नातून ते शोषून घेण्याची ताकद कमी होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल, तर ते आणखी उतरतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं ही त्याची लक्षणं. लवकर सापडलं तर गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. तेव्हा तिकिटं काढतानाच सांगा, रक्त तिकडे तपासून या. इथला व्हिजिटर इन्शुरन्स अशा तपासण्यांना सहसा हात लावत नाही.

सगळंच बी-१२ वर ढकलता येणार नाही, हेही खरं. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आपल्याला पाठ आहेत (पाठ असणं आणि पाळणं वेगळं!). पण त्या यादीत कमी ऐकू येणंही आहे. आपल्याकडे चष्मा चालतो, कानाचं यंत्र मात्र ड्रॉवरमध्ये.

आणि एकटेपणा. शिवाजी पार्कवर रोज फिरणारे आजोबा इथे गाडीवाचून दिवसभर टीव्हीसमोर बसतात. दोन-तीन घरांनी पाळी लावून शनिवारी सकाळी सगळ्या आजी-आजोबांना बिग क्रीक ग्रीनवेवर न्यावं. रस्ता सपाट आहे, सावली आहे, रॉक मिल पार्कपाशी गाडी लावता येते. थर्मासमध्ये चहा मात्र भरपूर न्या, गप्पा लवकर संपत नाहीत.