फरी-गदगा
ढाल-तलवारीच्या द्वंद्वाचा सराव व्हावा म्हणून रूढ झालेला एक भारतीय मर्दानी खेळ. फरी म्हणजे लहान वाटोळी ढाल व गदगा म्हणजे तलवारीऐवजी वापरावयाची, चामड्याने मढविलेली काठी.

या खेळात प्रहाराइतकेच बचावालाही महत्त्व आहे. फरी लहान असल्याने तिच्याआड सर्व शरीर झाकता येत नाही. म्हणून प्रतिस्पर्ध्याची नजर व खांद्याची हालचाल यांवरून वाराची दिशा ओळखून ती तेथे न्यावी लागते. वार फरीवर घेणे, गदग्याने अडविणे अथवा पवित्रा बदलून चुकविणे, हे बचावाचे मुख्य मार्ग होत. फरीने स्वतःचीच दृष्टी झाकली जाऊ नये आणि वार अडविताच उलट वार करता यावा म्हणून तोल ढळू नये, याची दक्षता घ्यावी लागते.

तोफा-बंदुकांपुढे ढाल-तलवारीचे युद्धातील स्थान क्रमाने संपुष्टात आले. वऱ्हाडात अचलपूरजवळील गाविलगडाचा बाहेरील तट तोफांनी फोडूनच इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी तो जिंकला. पुढे ही विद्या आखाड्यांत खेळाच्या रूपाने टिकली. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांच्या पद्धतशीर शिक्षणास चालना दिली व १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.